खाच साफ येण्यासाठी ८० दातांचं ब्लेड घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) सागाच्या चौकटीत पॅनेलसाठी ६ मि.मी.ची खाच दोन फेऱ्यांत पाडता, तळाला दोन लांब उंचवटे राहतात, रेषेला, म्हणजे लाकडाच्या तंतूंना, आडव्या खाचेत तोंडाशी कुसळं निघतात, म्हणून ४० ऐवजी ८० दातांचं ब्लेड घ्यायचंय. नका घेऊ.

तो उंचवटा दातांच्या डोक्याचा आहे, संख्येचा नाही. तुमच्या ब्लेडचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे उतरते घासलेले असणार. दोन्ही कडांना टोकं खोल जातात, मध्ये कणा उरतो. दात ३.२ मि.मी. रुंद आणि उतार १५ अंश असेल तर कणा जवळपास ०.४ मि.मी. उंच. दोन फेऱ्या, दोन कणे. ८० दातांच्या ब्लेडमध्ये उतार बऱ्याचदा याहून तिरपा असतो, म्हणजे दुखणं वाढेल.

आमच्याकडे जळगावात काउंटरवर एकच मंत्र ऐकू येतो, ‘भो, जास्ती दाताचं घ्या, काम साफ येतं.’ या मंत्राने बिघडलेलं एक सागाचं दार दुरुस्तीला आलं होतं. ८० दातांनी रेषेच्या लांबीत खाच पाडलेली. दातांमधल्या बारीक खळग्यांत भुसा कोंबला गेला, ब्लेड तापून हललं, खाचेच्या भिंती काळ्या आणि लाटेसारख्या. तळाच्या कण्यावर पॅनेल अडकलं, तर ते मोगरीने ठोकून बसवलं. मे महिन्यातलं वाळलेलं लाकूड, जुलैत फुगलं, फुगायला जागाच नाही. चौकटीचा सांधा उघडला. दोष सुताराच्या माथी मारला गेला.

लांबीतल्या खाचेला २४ दातांचं, सपाट डोक्याचं ब्लेड घ्या. दुकानात ‘एफटीजी’ म्हणून मागा. मोठ्या खळग्यांतून लांब ढलप्या बाहेर पडतात, तळ सपाट येतो. पहिली फेरी झाली की तुकडा टोकाकडून उलटा फिरवा आणि दुसरी बाजू फेन्सला (ब्लेडला समांतर आधारपट्टीला) लावून दुसरी फेरी मारा. खाच आपोआप मधोमध येते. आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. ६ मि.मी. म्हणून घेतलेली प्लाय वर्निअरने मोजा, बऱ्याचदा कमी भरते. भरीव लाकडाचं पॅनेल असेल तर रुंदीत दोन्हीकडे २-३ मि.मी. मोकळे ठेवा, डिंक लावू नका.

रेषेला आडवी खाच मात्र निराळी. सपाट दात कडेचे तंतू कापत नाही, उचकटतो. तिथे गुण्या लावून दोन्ही कडांना धारदार सुरीने १ मि.मी. खोल रेघ मारा, मगच तुमचं ४० दातांचं ब्लेड चालवा. कुसळं टेबलाकडच्या बाजूनेच निघतात, कारण दात तिथून बाहेर पडतो. ब्लेडभोवतीची फट घट्ट बसणाऱ्या पट्टीने बुजवा आणि तुकड्याच्या मागच्या टोकाला टाकाऊ फळी लावा. राहिलेला कणा पटाशीने दोन मिनिटांत जातो.

हे सगळं भरीव लाकडासाठी. सनमायका लावलेल्या प्लाय-एमडीएफला ६०-८० दात चालतात, पण तिथेही डोकं ‘टीसीजी’ (एक दात कडा छाटलेला, पुढचा सपाट) घासलेलं हवं. तेवढ्यापुरता दुकानदार बरोबर. सागाच्या लाकडात मुळातच असलेली वाळू (सिलिका) दातांवरच्या कठीण कार्बाइडची धारही लवकर घालवते, तेव्हा खाच जळायला लागली की नवं ब्लेड घेण्याआधी जुनं धार लावून बघा. आणि ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून खाच पाडत असाल, तर ते धोक्याचं आहे, ब्लेड आजच काढून ठेवा.