ब्लॅक चित्रकाराच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काय घालावं, काय बोलावं?

कपडे काहीही घाला. शिकागोत ऑफिसातल्या मैत्रिणीनं बोलावलंय, ठीक. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे विचारलंय, 'माणसं इतकी काळीकुट्ट का रंगवतात, चेहरेच दिसत नाहीत', ते मात्र तिथे बोलू नका. चेहरे दिसतात. बघावं लागतं.

तुमच्याच शहरातले ब्लॅक चित्रकार केरी जेम्स मार्शल घ्या. ते आयव्हरी, कार्बन आणि मार्स असे तीन वेगवेगळे काळे वापरतात. शिवाय त्यांत कुठे कोबाल्ट निळा, कुठे क्रोम ऑक्साइड हिरवा, कुठे डायॉक्झाझीन जांभळा मिसळतात. त्वचा तपकिरीकडे नेऊन 'उजळ' करायची नाही, हा त्यांचा हट्ट. लांबून नुसती आकृती दिसते. दोन पावलं पुढे येऊन जरा तिरकं उभं राहिलं की नाकपुडी, ओठाची कड, निळसर गाल वेगळे होतात. १९८० चं त्यांचं छोटं आत्मचित्र, कागदावर एग टेंपरा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग), जेमतेम ८ बाय साडेसहा इंच. काळ्यावर काळा माणूस, डोळे, शर्ट आणि दातांत फट असलेलं हसू तेवढं पांढरं. असलं चित्र लोकांच्या खांद्यांवरून बघता येत नाही.

म्हणून वेळ ६ ते ८ असेल तर ६ ला पोचा. पहिल्या अर्ध्या तासात भिंती मोकळ्या असतात, नंतर भाषणं आणि पाठी. सॅक आधी जमा करा. वळताना चित्राला तीच लागते. पेला हातात असताना चित्राजवळ जायचं नाही.

फोन शक्यतो खिशातच. भिंत पांढरी असली की कॅमेरा चेहऱ्याचा गोळा करतो, आणि काळ्यानं चौकट भरली की उलट सगळं राखाडी करून टाकतो. काढायचाच तर फ्लॅश बंद करून चेहऱ्यावर बोट टेकवा, मग उजेड कमी-जास्त करा. 'फोटो काळा आला' म्हणजे बिघडला, असं म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे कितीदा सांगायचं!

चित्रकार भेटलाच तर रंग, माप, शीर्षक यांबद्दल विचारा. 'तुम्ही किती सोसलंत' नको. जुन्या मराठी पुस्तकांतला 'निग्रो' हा शब्द चुकूनही नको. आणि सगळेच आफ्रिकन अमेरिकन नसतात, कुणी जमैकाचा असेल, कुणी लंडनचा. दलित पँथरनं १९७२ मध्ये नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं, हे खरं आणि सांगण्यासारखंही आहे, पण पहिल्याच वाक्यात 'आमच्याकडेही अस्संच' करून त्यांचं बोलणं तोडू नका.

एक राहिलं. प्रदर्शन अमूर्त निघालं तर काळ्या रंगाचं वरचं सगळं विसरा. ब्लॅक अमेरिकन चित्रकार सॅम गिलियम यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनव्हास चौकटीतून सोडवून पडद्यासारखे टांगले. त्यात माणूसच नाही, आणि रंग तर होळीसारखे.