आईपणावरच्या डिस्टोपियन, म्हणजे भयावह समाजाचं चित्र रंगवणाऱ्या, कादंबऱ्या वाचताना जीव एवढा का गुदमरतो? आणि सुरुवात कुठून करावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. जेसमिन चॅनची 'द स्कूल फॉर गुड मदर्स' (२०२२) घ्या. मार्गारेट ॲटवुडची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) तुम्हाला सगळेच सुचवतील आणि ती वाचायलाच हवी. पण तिथली सत्ता उघडउघड क्रूर आहे, त्यामुळे वाचणारा नकळत म्हणतो, 'असं आपल्याकडे नाही होणार.' चॅन ही सोय ठेवत नाही.

तिची नायिका फ्रिडा घटस्फोटित, नोकरी करणारी, झोपेला मुकलेली. एके दिवशी ती दीड वर्षाच्या मुलीला घरी एकटी ठेवून बाहेर पडते आणि दोनेक तासांनी परतते. चूक मोठी आहे, लेखिका ती झाकत नाही. शेजारी पोलिसांना कळवतात, घरात कॅमेरे लागतात आणि शेवटी वर्षभरासाठी 'चांगली आई' होण्याच्या शाळेत तिची रवानगी होते. तिथे सरावाला मुलीऐवजी हुबेहूब मुलासारखी यंत्रबाहुली, आणि तिच्या आत कॅमेरा. मिठीचेसुद्धा प्रकार ठरलेले: माफीची वेगळी, धीर देणारी वेगळी, लागलं-खुपलं तर आणखी वेगळी. मिठी किती वेळ मारली याचीही नोंद होते. खऱ्या मुलीशी व्हिडिओवर बोलायचं ते रविवारी दहा मिनिटं, तेही वागणं बरं असेल तरच!

माझ्या मते जीव गुदमरतो तो इथेच. या शाळेतला एकही नियम नवा नाही. 'कामावर गेलीस की बाळाकडे कोण बघतं?', 'अजून बोलत नाही? तुम्ही त्याच्याशी पुरेसं बोलत नसाल'. हे सगळं आयांना रोज ऐकावं लागतं, फक्त त्याचे गुण कुणी कागदावर मांडत नाही. चॅनने ते मांडले. बापांसाठीही तिथे शाळा आहे, पण तिथले नियम पुष्कळ सैल. हा तपशील ती जाताजाता सांगते, आणि मला तरी तो यंत्रबाहुल्यांपेक्षा जास्त झोंबला. (डायपर बदलला म्हणून वाहवा मिळालेल्या बापाने हे लिहिलंय.)

शिवाय यातलं सगळंच कल्पनेतलं नाही. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर जवळपास बंदी घातली. मूल नसलेल्यांना जादा कर, बायकांच्या कामाच्या ठिकाणी स्त्रीरोग तपासण्या, असं सगळं झालं. राज्याला मुलं हवी होती, ती सांभाळायची कशी याची फिकीर नव्हती. हजारो मुलं अनाथालयांत गेली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर तो हुकूम लगेच रद्द झाला. हा इतिहास माहीत असला की या कादंबऱ्यांना अतिशयोक्ती म्हणायला जीभ रेटत नाही.

सोफी मॅकिंटॉशची 'ब्लू तिकीट' (२०२०) याच्या उलट टोकाची. पाळी सुरू झाली की सोडत निघते: पांढरं तिकीट म्हणजे मूल, निळं म्हणजे मूल नाही. नायिकेला निळं मिळतं आणि तिला मूल हवंसं वाटू लागतं. या जगाचे नियम कुणी केले, का केले, हे लेखिका शेवटपर्यंत धड सांगत नाही. काहींना त्याचा वैताग येतो, मला नाही आला.

एक मात्र सांगतो. घरात तान्हं बाळ असेल आणि रात्रीची झोप होत नसेल, तर चॅन सध्या राहू द्या, 'ब्लू तिकीट'च आधी वाचा.