लिव्हर अ‍ॅक्शन रायफल चालवून बोटं सोलवटतात. जाड हातमोजे घेऊ की मोठ्या कडीचं लिव्हर बसवू?

तुमची रायफल .३५७ मॅग्नम काडतुसाची आहे, सावकाश चालवली तर काही होत नाही, पण भरभर चालवली की पन्नासेक फैरींत मधल्या तीन बोटांच्या पाठी लाल होतात आणि कधी सालपटही निघतं, असं तुम्ही लिहिलंय. हातमोजे की मोठी कडी, असा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: आधी दोन्ही नकोत, आणि मोठी कडी तर मुळीच नको.

लिव्हर म्हणजे ट्रिगरखालचा कडीचा दांडा. तो खाली-पुढे ढकलून परत मिटला की झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस चढतं. लिव्हर मिटलेलं असताना कडीत हात घालून बघा. बोटं मागच्या दांडीला, म्हणजे दस्त्याकडच्या बाजूला टेकलेली असतात आणि पुढची दांडी बोटांच्या पाठीपासून एक-दोन सेंटिमीटर लांब असते. झटका दिला की बोटं आधी ही मोकळी जागा ओलांडतात, तेवढ्यात वेग घेतात आणि मग लोखंडावर आदळतात. बोटाच्या पाठीवर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. लोखंडाचा कठीणपणा हे दुय्यम कारण, खरा मार त्या फटीचा आहे. कडी मोठी केली की फट मोठी होते, फट मोठी झाली की बोटांना धाव घ्यायला जास्त जागा मिळते. मोठी कडी कडाक्याच्या थंडीत जाड मोजे घालणाऱ्यांच्या कामाची. उघड्या हाताला ती उलट जास्त मारते.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. गोळी सुटली की बोटं आधी पुढच्या दांडीला टेकवा आणि मग ढकला. ही दोन वेगळी कामं नाहीत. ‘टेकव-ढकल’ अशी एकच ओघवती हालचाल बसवायची, आणि जोर मनगटातून किंवा बोटांतून न देता कोपरातून द्यायचा. रायफल रिकामी करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून हे करताना कान द्या. बोटं आपटत असतील तर उघडताना ‘टक’ असा बारीक आवाज येतो, टेकवून ढकललं तर फक्त यंत्राचा सरकल्याचा आवाज येतो. दुखतंय म्हणून लिव्हर अर्धवट ढकलणं मात्र महागात पडतं. बोल्ट (काडतुसाची जागा मागून बंद करणारा सरकता भाग) पूर्ण मागे गेला नाही तर पुंगळी बाहेर फेकली जात नाही किंवा पुढचं काडतूस वर येत नाही. अडकलेल्या रायफलीशी झटताना बोटांना होणारी इजा सालपटापेक्षा वाईट असते.

लिव्हर चालवताना तर्जनी कडीच्या वरच्या भागात, ट्रिगरपाशी राहू देऊ नका. विंचेस्टर, मार्लिन, हेन्री या नेहमीच्या रायफलींत ट्रिगर जागेवरच राहतो आणि त्याचं कडं लिव्हरबरोबर खाली जातं. मिटताना तर्जनी मध्ये असेल तर ती कड्यात आणि ट्रिगरमध्ये चिमटते, आणि तेव्हा समोर नेमकी भरलेली चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) असते. (ब्राउनिंग कंपनीच्या बीएलआर रायफलीत ट्रिगर लिव्हरबरोबर प्रवास करतो. बोट बाहेर ठेवण्याची सवय तिथेही तीच असू द्या.) तर्जनी सरळ करून रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्र बसवलेल्या धातूच्या डब्याच्या, बाजूला टेकवायची. अंगठ्याचंही बघा. हॅमर (काडतूस पेटवायला ठोकणारा घण) बाहेर उघडा असलेल्या बहुतेक लिव्हर रायफलींत बोल्ट मागे सरकताना रिसीव्हरच्या बाहेर येतो आणि हॅमरला खाली दाबतो. दस्त्याच्या मानेवरून आडवा टाकलेला अंगठा वर सरकलेला असेल तर त्यालाच ठोकर बसते. अंगठा मानेच्या बाजूला, बोल्टच्या वाटेबाहेर ठेवा.

हे जमल्यावरही दिवसाला दीड-दोनशे फैरी झाडणार असाल तर कडीला चामडं गुंडाळा. आवरणाचा मोठा फायदा मऊपणापेक्षा दुसराच आहे, ते फट भरतं. कुठे किती जाडी लागते हे आधी तपासायचं असेल तर प्राण्यांच्या पायाला बांधतात ती स्वतःलाच चिकटणारी पट्टी, पाच सेंटिमीटर रुंदीची, साठ-सत्तर सेंटिमीटर कापून पुढच्या दांडीवर गुंडाळा आणि एक दिवस चालवा. बोटं सहज आत-बाहेर होतात आणि तरी हलायला जागा कमी आहे, अशी जाडी सापडली की मग चामड्याकडे वळा.

तीन मिलिमीटर रुंद आणि एक ते दीड मिलिमीटर जाड चामड्याची वादी घ्या. लांबीचा हिशोब सोपा आहे. पुढची दांडी आणि खालचं वळण मिळून साधारण बारा सेंटिमीटर झाकायचे असतील तर तीन मिलिमीटरच्या वादीचे चाळीस वेढे बसतात. दांडीचा घेर वादीसकट चार सेंटिमीटर धरला तर एक मीटर साठ सेंटिमीटर झाले. दोन्ही टोकं आणि ओढून धरायला लागणारी लांबी मिळवून अडीच मीटर कापा. कमी पडली तर जोड द्यावा लागतो आणि जोड हमखास बोटाखालीच येतो.

आधी दांडीवरचं तेल पुसून काढा आणि मेणाचा पातळ हात द्या. वादीचं चार सेंटिमीटर टोक दांडीच्या बाहेरच्या अंगावर आडवं ठेवा आणि त्याच्यावरूनच वेढे घ्यायला लागा, म्हणजे गाठ मारावी लागत नाही. प्रत्येक वेढा ओढून आधीच्या वेढ्याला भिडवा. सरळ दांडीवर हे सोपं जातं, वळणावर गंमत होते. वळणाची बाहेरची कड लांब आणि आतली आखूड, त्यामुळे आत वेढे दाटतात आणि बाहेर फाकतात. बाहेरचे वेढे भिडलेले ठेवा आणि आतले एकमेकांवर थोडे चढू द्या. शेवटचे पाच वेढे घेण्याआधी मजबूत दोऱ्याचा दुहेरी फास दांडीवर ठेवा, त्याच्यावरून वेढे घ्या, वादीचं टोक फासात अडकवा आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली घ्या. उरलेलं धारदार पातीनं कापा. टोक कडीच्या आतल्या बाजूला कधीच संपवू नका.

वादी भिजवून गुंडाळली की वाळताना आवळते आणि पक्की बसते हे खरं आहे. पण ओलं चामडं पोलादावर बसलं की आत गंज धरतो आणि वरून काही दिसत नाही. भिजवायचीच असेल तर खाली कापडी टेपचा एक थर द्या, वादी पुसून घ्या आणि दिवसभर सावलीत वाळू द्या. मी कोरडीच गुंडाळतो, मग तिच्यावर मेण चोळतो. नायलॉनची दोरी स्वस्त असते आणि पाण्याला दाद देत नाही, पण घामट बोटांखाली ती निसटते, आणि जाळून बंद केलेल्या टोकाचा कडक मणी नेमका कातडी खरवडतो.

मागच्या दांडीला हात लावण्याआधी थांबा. विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ आणि विंचेस्टर १८७३ च्या धर्तीच्या रायफलींत लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय ट्रिगर सुटत नाही, अशी सुरक्षेची अडवणूक बसवलेली असते. मागच्या दांडीवर जाड आवरण चढलं की ते दस्त्याला अडतं, लिव्हर केसभर उघडं राहतं, आणि मग ट्रिगर ओढूनही हॅमर पडत नाही. लोक ट्रिगर बिघडला म्हणून रायफल दुरुस्तीला नेतात. ती अडवणूक मात्र कधी काढून टाकू नका, बोल्ट नीट बंद नसताना फैर झडू नये म्हणूनच ती आहे. आवरण घातल्यावर चेंबरमध्ये बारूद नसलेलं नकली सराव काडतूस घालून वीस वेळा नेहमीच्या जोरानं लिव्हर मिटा आणि ट्रिगर ओढा. वीसपैकी एखाद्या वेळी जरी हॅमर पडला नाही तरी मागचे वेढे काढा. पुढचे राहू द्या, मार तिथलाच असतो.

आवरण नकोच असेल तर निदान कंगोरे घालवा. नायलॉनचा जुना पायमोजा दांडीवरून फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे बोटही सोललं जाणार. तिथे आधी ४०० आणि मग ६०० नंबरचा सँडपेपर तेल लावून, दांडीच्या लांबीच्या दिशेनं फिरवा. कड फक्त मोडायची, गोल करत बसायचं नाही. निळसर पॉलिश असेल तर उघडं पडलेलं पोलाद पुन्हा निळं करून घ्या. रंगीबेरंगी केस-हार्डन केलेल्या (तापवून वरचा थर कडक केलेल्या) लिव्हरवर हे करू नका, तो रंग अगदी वरवरचा असतो आणि घरी पुन्हा आणता येत नाही. हे काम लिव्हर काढून करणं सोयीचं. मार्लिन ३३६ मध्ये लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर खाली निघतं, पण त्यानंतर बोल्ट मागे ओढून घेतलात तर इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) सुटा होऊन पडतो, खाली फडकं अंथरा. विंचेस्टर ९४ घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नका, रायफलीवरच टेप लावून काम करा.

आता हातमोजे. घ्यायचेच तर बकरीच्या किंवा हरणाच्या कातड्याचे, मिलिमीटरभर जाडीचे, बोटांच्या पाठीवर शिवण नसलेले घ्या. शिवण आतून हाडावर आली की मोज्याशिवाय जेवढं दुखत होतं त्यापेक्षा जास्त दुखतं. मोज्याच्या उजव्या तर्जनीचं टोक दुसऱ्या पेरापाशी कापा, ट्रिगर उघड्या बोटानंच कळतो. गादी भरलेले सायकलचे मोजे नकोत. ते कडीत दाटतात आणि बाहेर काढताना लिव्हर सोबत ओढून आणतात. मोजे घालून रेंजवर जाण्याआधी रिकाम्या रायफलीवर सगळी हालचाल करून बघा. अंगठी मात्र मोजे असोत वा नसोत, काढूनच ठेवा.

.३५७ ला फारसा धक्का नसतो, पण उद्या जास्त धक्क्याच्या .४५-७० काडतुसाची रायफल घेतलीत तर वेगळाच मार लागतो. धक्क्यानं रायफल मागे येते आणि ट्रिगरच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या सांध्यावर बसते. तिथे मधलं बोट कड्यापासून अर्धा सेंटिमीटर खाली ठेवा आणि तेवढ्याच जागी चामड्याचे दोन-तीन जादा वेढे द्या.

भरतानाही हात सोलतो. बाजूच्या झडपेतून काडतूस पूर्ण आत ढकललं की झडप अंगठ्याच्या टोकाला चिमटते. काडतुसाचा बुडखा जेमतेम बाहेर दिसेल एवढंच ढकला आणि पुढच्या काडतुसाच्या नाकानं आधीचं आत सारा. शेवटचं तेवढं अंगठ्यानं.

डावा हात लोक विसरतात. लाकडाच्या पुढे हात गेला की गरम नळी भाजते, हे सगळ्यांना कळतं. पण त्या हाताखालीच मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवायची नळी असते, आणि तिच्यात एका काडतुसाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला) टेकलेलं असतं. म्हणून नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळ्या घालत नाहीत. चपट्या नाकाच्या, किंवा मऊ पॉलिमर टोकाच्या अशा मॅगझिनसाठीच बनवलेल्या गोळ्या चालतात. १८६० च्या हेन्रीच्या प्रतिकृतीत तर पुढे लाकूडच नाही आणि काडतुसं ढकलणारी खुंटी मॅगझिनच्या नळीच्या खालच्या खाचेतून मागे सरकत येते. हात तिच्या वाटेत असेल तर पुढचं काडतूस येतच नाही. तिथे नळीला चामडं बांधताना खाच मोकळी ठेवा. भरताना खुंटी सुटून काडतुसांवर आदळू देऊ नका, हातानं धरून हळू सोडा.

काडतूस अडकलं तर बोट वरच्या तोंडात घालू नका. बोल्ट आणि वर येणारा वाहक (काडतूस उचलणारा भाग) मिळून कात्री होते. नळी सुरक्षित दिशेला, तर्जनी बाहेर, एका हातानं लिव्हर उघडं धरून ठेवा आणि लाकडी काडीनं काढा. ट्रिगर ओढून फैरच झडली नाही तर लिव्हर लगेच उघडू नका, नळी समोर ठेवून किमान ३० सेकंद थांबा. फैर उशिरा झडू शकते, आणि त्या वेळी बोल्ट उघडा असेल तर सगळं हाताकडेच येतं.

आवरण वर्षातून एकदा सोडून खालचं पोलाद बघा आणि वादी नवी घाला. चामडं बारूद आणि शिशाची काजळी शोषून ठेवतं, त्यामुळे रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि घट्ट बसलेलं टोक सुटत नाही म्हणून त्याला दात लावू नका.