सेन्सर कारखान्याची बातमी आणि एजंटचा फोन

जर्मनीत बॉशच्या चिप आणि सेन्सर कारखान्यांच्या विस्ताराची जुनी-नवी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली, की आमच्याकडे तेच प्रश्न नव्याने येतात.

प्रश्न : ड्रेस्डेनमध्ये ७०० जागा निघाल्यात म्हणे. अर्ज कुठे करू? (डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, चिंचवड)

तो आकडा २०२१चा आहे. अर्ज कंपनीच्या करिअर पानावर करतात, आणि तिथे जी जागा दिसेल तीच खरी.

प्रश्न : रॉयटलिंगेनची क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त जागा) ३५,००० वरून ४४,००० चौरस मीटर करायचे ठरले होते. म्हणजे भरती होणारच ना?

जागा वाढली म्हणून माणसे त्याच प्रमाणात वाढत नाहीत. क्लीनरूममध्ये धूळ आणतो तो मुख्यतः माणूसच. त्यामुळे आत कमीत कमी माणसे ठेवण्याकडे कल असतो. ड्रेस्डेनला सुमारे एक अब्ज युरो घातले, तरी माणसे ७०० पर्यंतच धरली होती. शिवाय सप्टेंबर २०२५मध्ये याच कंपनीने वाहन विभागात, मुख्यतः जर्मनीत, सुमारे १३,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले. ती बातमी मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

प्रश्न : इंग्रजीवर भागेल का?

तंत्रज्ञाच्या कामाला नाही. बी-१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिका.

प्रश्न : एजंट म्हणतो, ‘सरकारी करारातून सेन्सर कंपनीत लावतो, अडीच लाख भरून सीट बुक करा.’ भरू का?

एक रुपयाही नको. सीट बुक करायला ही काय एसटी आहे? फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि रॉयटलिंगेन त्याच राज्यात आहे. एवढ्या धाग्यावर ही मंडळी दुकान मांडतात. त्या करारामुळे अमुक कंपनीतली खुर्ची कोणाच्या नावावर होत नाही. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक मागा, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर ताडून पाहा. ‘उद्यापर्यंतच मुदत’ म्हणाला, तर फोन ठेवा. नियुक्तिपत्र हातात असेल, तर ते खरे आहे का हे थेट कंपनीला विचारा. शंका उरलीच, तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी) कार्यालयात कागद दाखवा. पैसे आधीच दिले असतील, तर चॅट आणि बँकेच्या नोंदी न पुसता आजच पोलिसांत तक्रार करा. ‘परत देतो’ या बोलीवर महिने घालवू नका.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स. मायक्रोटेक्नॉलॉजीचे आउसबिल्डुंग (जर्मनीतले कंपनीत काम करत घ्यायचे प्रशिक्षण) कसे?

चांगले. तीन वर्षांचे असते, विद्यावेतन मिळते. पण तिची बारावी तिथे किती ग्राह्य धरतात, हे क्लासवाल्याला विचारू नका. प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीकडून आणि जर्मन वकिलातीकडून लेखी कळल्यावरच फी भरा.