गाठ एका जागी, औषध अंगभर

प्रश्न : रक्तातली गाठ जिथे असेल तिथेच जाऊन औषध सोडणारे सूक्ष्म कण निघालेत, असा व्हिडिओ पाहिला. वडिलांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. हे इंजेक्शन पुण्यात मिळेल का? (कराड)

नाही. पुण्यातच काय, कुठल्याच दवाखान्यात ते अजून नेहमीच्या वापरात नाही. शिवाय दोन वर्षांपूर्वी मेंदूचा जो भाग मेला, तो आता गाठ विरघळवून जिवंत होणार नाही. वडिलांसाठी रोजचा व्यायाम, बीपी आणि साखर यांवर लक्ष ठेवणंच जास्त उपयोगाचं.

पण व्हिडिओतली कल्पना खोटी नाही. आज आपण अल्टेप्लेज हे गाठ विरघळवणारं औषध शिरेतून देतो तेव्हा ते अंगभर फिरतं. तासगावकडच्या बागायतदारांना लगेच कळेल : हे पाटपाणी झालं, आम्हाला ठिबक हवंय. औषध रक्तात जेमतेम पाच मिनिटांत निम्मं होतं, म्हणून हृदयविकारात किंवा फुप्फुसातल्या गाठीसाठी 100 मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागतं. त्यातलं गाठीपर्यंत पोहोचतं थोडंच. उरलेलं, इतरत्र भोकं बुजवणाऱ्या गरजेच्या गुठळ्याही विरघळवतं. 1995 साली अमेरिकेत लकव्याच्या रुग्णांवर झालेल्या ज्या चाचणीमुळे हे औषध रूढ झालं, तिच्यातही शंभरात सहाजणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता.

यावर तोडगे बरेच शोधले जात आहेत. मला सर्वांत आवडलेला 2012 सालचा, हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या संस्थेचा. औषध चढवलेल्या अतिसूक्ष्म कणांचे त्यांनी प्लेटलेटएवढे (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींएवढे) पुंजके केले. रक्तवाहिनी मोकळी असते तिथे पुंजके शाबूत राहतात. गाठीमुळे वाट अरुंद झाली की तिथल्या प्रवाहाचा ताण कित्येक पटींनी वाढतो, त्या ताणाने पुंजके फुटतात आणि कण गाठीला चिकटतात. पत्ता सांगावा लागत नाही, अडथळाच पत्ता सांगतो. उंदरांमध्ये हे फार थोड्या औषधात जमलं. उंदीर ते माणूस हा रस्ता मात्र लांबचा. कण यकृत-प्लीहेत अडकतात, दरवेळी एकसारखे बनवणं कठीण जातं. आपल्याकडे चंडीगडच्या इमटेक संस्थेनेही गाठीवर पोहोचल्यावरच काम सुरू करणारं स्ट्रेप्टोकायनेज (गाठ विरघळवणारं आणखी एक औषध) घडवलं आहे.

प्रश्न : आईला लकव्याचा झटका आला. मिरजेला पोचेपर्यंत सहा तास झाले. "आता इंजेक्शन देता येत नाही" म्हणाले. पैशांची तयारी होती. मग का नाही दिलं? (जत तालुका)

पैशांचा इथे काही संबंध नाही, त्यांनी बरोबर केलं. गाठ विरघळवण्याचं हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्यानंतर मेंदूतल्या उपाशी राहिलेल्या वाहिन्या नाजूक होतात. गाठ सुटली आणि रक्त जोरात आलं, तर त्या फुटू शकतात. आणि वेळ मोजायची ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री जेवून झोपला आणि सकाळी तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ रात्रीचंच धरतात.

मोठ्या वाहिनीत गाठ असेल तर जांघेतून बारीक नळी घालून ती ओढून काढता येते. निवडक रुग्णांत हे 16 ते 24 तासांपर्यंत करता येतं, असं 2018 च्या दोन चाचण्यांनी दाखवलं. पण त्यासाठी तसं यंत्र आणि तसा डॉक्टर लागतो. म्हणून हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, की गावातल्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका. 108 ला फोन करा आणि सिटी स्कॅन असलेल्या ठिकाणी थेट जा.

प्रश्न : बाळंतपणानंतर बायकोच्या मांडीच्या शिरेत गाठ झाली. एक डॉक्टर म्हणतात नळी घालून तिथेच औषध सोडू, दुसरे म्हणतात गोळ्यांनी भागेल. कुणाचं ऐकायचं? (सातारा)

"तिथेच औषध" देण्याचा आज खराखुरा वापरात असलेला प्रकार हाच. नळीचं टोक गाठीत ठेवून औषध हळूहळू सोडतात, त्यामुळे एकूण मात्रा कमी लागते. ऐकायला पटतं. तरी 2017 साली जवळपास सातशे रुग्णांवरच्या चाचणीत, पुढे पाय सुजून दुखत राहण्याचं प्रमाण अशा उपचाराने एकंदरीत कमी झालं नाही, उलट रक्तस्राव वाढला. त्यामुळे मी तरी सरसकट नळी घालणार नाही. गाठ जांघेच्या वर पोटापर्यंत गेली असेल, पाय निळा-काळा पडत असेल, त्रास नवा, म्हणजे पंधरवड्याच्या आतला असेल, तर गोष्ट वेगळी. जुनी गाठ चिवट होते, औषधाला दाद देत नाही. शिवाय नुकतीच बाळंत झालेल्या बाईला गाठ विरघळवण्याचं औषध देताना गर्भाशयातून रक्तस्राव होण्याची भीती असते, हे दोघांनाही विचारा. बाळाला अंगावर पाजत असेल तर तेही सांगा, कारण सगळ्याच गोळ्या तेव्हा चालत नाहीत.

प्रश्न : घोणस चावल्यावर माणसाचं रक्त गोठत नाही. मग त्या विषापासूनच गाठीवर औषध का करत नाहीत? (बत्तीस शिराळा)

शिराळ्याहून हा प्रश्न येणार हे ठरलेलंच! घोणसीचं विष मुळात रक्त गोठवतं. अंगभर इतक्या बारीक गुठळ्या होतात की गोठण्याचं सामान संपतं, आणि मग रक्त वाहतच राहतं. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं हलवत नाहीत, ते हेच बघायला.

तुमची कल्पना मात्र प्रत्यक्षात आलेली आहे. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनावरून टिरोफिबान हे औषध बेतलं गेलं. 1998 पासून ते हृदयविकारात वापरतात. ते गाठ विरघळवत नाही, प्लेटलेटना एकमेकींचा हात धरू देत नाही. विषातला जो छोटा तुकडा प्लेटलेटला चिकटतो, तसेच तुकडे आता संशोधक औषधाच्या कणांवर जोडतात, म्हणजे कण नेमके गाठीतल्या प्लेटलेटवर बसावेत.

प्रश्न : झडप बदलली आहे, असिट्रॉम चालू आहे. हळद-लसूण जास्त खाल्लं तर गोळी कमी करता येईल का? (सांगली, हळद व्यापारी)

नाही. असिट्रॉम गाठ विरघळवत नाही, नवी होऊ देत नाही. झडपेवर गाठ बसली तर हळदीने ती जाणार नाही. आमटी-भाजीत हळद, लसूण खुशाल घाला. कॅप्सूल, अर्क, काढे मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, रक्त जास्त पातळ होऊ शकतं. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो, म्हणून एक आठवडा रोज आणि पुढचा महिना अजिबात नाही, असं करू नका. दात काढायचा असेल तर गोळी स्वतःहून बंद न करता आधी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.