केबिन बॅग, द्रव आणि पॉवर बँक: नियम नेमका कोणाचा, ते आधी पाहा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘केबिन साइझ’ असे लेबल असलेली ५५ × ४० × २३ सेंटीमीटरची बॅग दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांत चालेल का? निघतानाचा विमानतळ दोन लिटरपर्यंत द्रव नेऊ देतो, तर २५० मिलीची लोशनची बाटली हातातल्या सामानात ठेवावी का? आणि ३०,००० एमएएचची पॉवर बँक कुठे ठेवायची? आधी थोडक्यात सांगतो: बॅग अडकू शकते, बाटली चेक-इनच्या सामानात टाका, आणि ही पॉवर बँक नेऊच नका, लहान घ्या. आता सविस्तर.

गोंधळ होतो तो ‘विमानाचा नियम’ नावाची एकच गोष्ट असते असे धरून चालल्यामुळे. तुमच्या बॅगेला तीन वेगवेगळे मालक नियम लावतात. माप, वजन आणि नगांची संख्या विमान कंपनी ठरवते. द्रव, धारदार वस्तू, पावडर यांचे नियम ज्या देशाच्या विमानतळावर तपासणी होते तिथली सुरक्षा यंत्रणा ठरवते. बॅटरी, ज्वलनशील पदार्थ, तीव्र मद्य हे धोकादायक वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय नियमांत येते. कंपनी किंवा देश ते आणखी कडक करू शकतो, सैल करू शकत नाही. म्हणून कंपनीच्या काउंटरवर ‘बाटली चालेल’ असे कुणी सांगितले तरी तपासणीच्या रांगेत त्याला किंमत नाही, आणि तपासणीतून बॅग सुखरूप गेली तरी गेटवर मापाच्या चौकटीत ती बसेलच असे नाही. प्रवासाच्या सगळ्या टप्प्यांत, परतीच्या धरून, जो नियम सर्वांत कडक असेल त्याप्रमाणे बॅग भरायची. बाकी सगळे त्यातूनच निघते.

बॅगेपासून सुरुवात करू. ‘केबिन साइझ’ या लेबलला कसलीही मान्यता नसते. २०१५ मध्ये ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेने ५५ × ३५ × २० हे एक समान माप सुचवले होते, पण विरोध झाल्यावर ते बाजूला पडले. आज ब्रिटिश एअरवेज ५६ × ४५ × २५ आणि तब्बल २३ किलोपर्यंत परवानगी देते. रायनएअरमध्ये पैसे भरून मिळणारी मोठी केबिन बॅग ५५ × ४० × २० आणि १० किलोची. आशियातल्या अनेक कंपन्या ७ किलोवर थांबतात. रायनएअरची फुकटची लहान बॅग २०२५ मध्ये ४० × २५ × २० वरून ४० × ३० × २० झाली, म्हणजे नियम कधी कधी सैलही होतात. तुमची २३ सेंटीमीटर जाडी ब्रिटिश एअरवेजमध्ये आरामात बसेल आणि रायनएअरसारख्या कंपनीत तीन सेंटीमीटरने अडेल. तिकिटावर ज्या कंपनीचे नाव आहे तिचे नव्हे, तर ते विमान प्रत्यक्ष जी कंपनी चालवते तिचे माप पाहा. कोडशेअरच्या तिकिटात हे दोन वेगळे असतात, आणि ‘ऑपरेटेड बाय’ ही ओळ तिकिटावर बारीक अक्षरांत दिलेली असते.

माप घेतानाही चूक होते. चाके, मूठ, बाजूचा खिसा हे सगळे मापात धरतात. दुकानातले लेबल पुष्कळदा फक्त पेटीचे माप सांगते. बॅग पूर्ण भरा, भिंतीला टेकवून उभी करा, वर एक जाड पुस्तक आडवे ठेवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाडी तशीच आडवी ठेवून मोजा. कापडी बॅगेचा पुढचा खिसा भरला की जाडी सहज पाच-सहा सेंटीमीटरने वाढते. रुंदी वाढवणारी चेन असेल तर ती बंदच ठेवा. ७ किलोची मर्यादा असेल तर कडक कवचाची चाकांची बॅग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे: ती रिकामीच अडीच-तीन किलोची असते. साधी पाठीवरची सॅक एक किलोच्या आसपास असते, आणि चौकटीत दाबून बसते. माप जास्त आहे असे घरीच लक्षात आले तर मोठ्या बॅगेचे पैसे ऑनलाइन आधी भरा. गेटवरचा दर जवळजवळ नेहमीच जास्त असतो.

आता द्रव. ऑगस्ट २००६ मध्ये अटलांटिकवरच्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघड झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून युरोपीय संघात १०० मिलीचा नियम लागू झाला: प्रत्येक डबी १०० मिलीपर्यंत, सगळ्या डब्या एक लिटरच्या पारदर्शक, पुन्हा बंद होणाऱ्या पिशवीत, माणशी एकच पिशवी. इथे मोजतात ती डबीची क्षमता, आत किती उरले आहे ते नव्हे. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी थोडीशीच टूथपेस्ट असली तरी ती काढून घेतात. पिशवी साधारण २० × २० सेंटीमीटरची असते आणि ती ताण न येता बंद झाली पाहिजे, त्यामुळे हिशेबाने दहा बाटल्या होत असल्या तरी प्रत्यक्षात पाच-सात बसतात. जेल, क्रीम, मलम, पेस्ट, स्प्रे, मस्कारा हे सगळे द्रवातच धरतात. पिशवीत जागा हवी असेल तर साबणाची वडी, शॅम्पूची वडी, घट्ट कांडीचा डिओडरंट घ्या. त्यांना ही मर्यादा लागत नाही. रिकामी पाण्याची बाटली नेता येते, तपासणीनंतर भरून घ्या.

मग काही विमानतळांवर दोन लिटर कसे चालतात? जुने एक्स-रे यंत्र एक-दोन कोनांतून सपाट चित्र देते. नवे सीटी यंत्र बॅगेभोवती फिरून त्रिमितीय चित्र तयार करते, आणि बाटलीतल्या पदार्थाची घनता जास्त खात्रीने ओळखता येते. पण यंत्र बसले म्हणजे नियम बदलला असे होत नाही. त्या यंत्राला मोठ्या बाटल्यांसाठी वेगळी मान्यता लागते. लंडन सिटीसारख्या काही विमानतळांनी १०० मिलीची अट काढली होती, ती जून २०२४ मध्ये पुन्हा आली. युरोपीय संघानेही १ सप्टेंबर २०२४ पासून नव्या यंत्रांवरही १०० मिलीची मर्यादा परत लावली, आणि जुलै २०२५ मध्ये एका यंत्राला पुन्हा मान्यता दिली. त्याच सुमारास एडिंबरा आणि बर्मिंगहॅमने दोन लिटरपर्यंत द्रव नेऊ द्यायला सुरुवात केली. म्हणून जुन्या अनुभवावर, कुणाच्या गेल्या वर्षीच्या सल्ल्यावर जाऊ नका. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या विमानतळाचे सुरक्षा तपासणीचे पान पाहा. नूतनीकरण चालू असेल तर एकाच विमानतळावर एका रांगेत लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात आणि शेजारच्या रांगेत आतच ठेवायला. समोरचा कर्मचारी सांगेल तेच खरे.

तुमच्या बाटलीचा प्रश्न इथेच सुटतो. पहिल्या विमानतळावर ती जाईल, पण मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली आणि तिथे १०० मिलीच असेल तर ती तिथे टाकावी लागेल. परतताना तर तपासणी दुसऱ्याच देशाच्या नियमाने होणार. ड्यूटी फ्रीतून घेतलेल्या बाटल्यांनाही हेच लागू आहे. खरेदी करताना पुढचे बोर्डिंग पास दाखवा आणि लाल कडेची सीलबंद पिशवी मागा. पावती आत, बाहेरून वाचता येईल अशी हवी. शेवटच्या मुक्कामापर्यंत सील फोडू नका. अमेरिकेत उतरून पुढचे विमान घ्यायचे असेल तर सहसा पहिल्याच विमानतळावर चेक-इनचे सामान हातात घेऊन ते पुन्हा द्यावे लागते. त्या वेळी बाटल्या त्या बॅगेत टाकणे सर्वांत सुरक्षित. औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना १०० मिलीची अट नाही, मात्र ती वेगळी काढून आधी दाखवावी लागतात. औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावे. इन्सुलिन हातातल्या सामानातच ठेवा, खालच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो.

धारदार वस्तूंत देशोदेशी फरक आहे. युरोपात ६ सेंटीमीटरपर्यंतचे पाते चालू शकते, अमेरिकेत चाकू कुठल्याच मापाचा केबिनमध्ये चालत नाही, कात्री मात्र दोन पाती जोडणाऱ्या खिळ्यापासून चार इंचांपर्यंत चालते. असे सामान सरळ चेक-इनमध्ये टाका. पावडरचाही नियम आहे: अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर २०१८ पासून जादा तपासणी होते आणि ती अडवलीही जाऊ शकते.

पॉवर बँकेवर जरा थांबतो, कारण यात फक्त गैरसोय नाही, खरा धोका आहे. लिथियम सेल आतून शॉर्ट झाला की स्वतःच तापत जातो आणि शेजारचा सेलही पेटवतो. केबिनमध्ये कर्मचारी तो पाहू शकतात, पाणी ओतून थंड करू शकतात. सामानाच्या कप्प्यातला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली तापण्याची क्रिया थांबवत नाही. म्हणून पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, ई-सिगारेट कायम केबिनमध्येच, चेक-इनमध्ये कधीही नाही. मर्यादा वॉट-अवरमध्ये (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेच्या एककात) असते: १०० पर्यंत बहुतेक ठिकाणी चालते, १०० ते १६० साठी कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि अशा जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर बंदी. हिशेब असा: एमएएचला ३.७ व्होल्टने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. तुमची ३०,००० एमएएचची १११ होते, म्हणजे परवानगीच्या गटात. ५ व्होल्टने गुणू नका, तो बाहेर पडणारा व्होल्टेज आहे, सेलचा नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर उभे असलेले एअर बुसानचे विमान जळाले. पॉवर बँक हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर नियम भराभर कडक झाले. कोरियाने मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून विमानात तिचा वापर बंद केला. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हे प्रमाणचिन्ह स्पष्ट दिसत नसलेली पॉवर बँक चालत नाही. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, १०० वॉट-अवरच्या आतली, तीही न वापरता, असे केले. यातून घ्यायचे ते असे: २०,००० एमएएचपर्यंतची एकच घ्या, तिच्यावरचे आकडे वाचता येत असावेत (पुसट झाले असतील तर ती जप्त होऊ शकते), पोर्टवर टेप लावा, आणि ती समोरच्या खिशात किंवा पायाशी, डोळ्यांसमोर ठेवा. फुगलेली असेल तर नेऊच नका. फोन किंवा पॉवर बँक सीटच्या सांध्यात पडली तर सीट हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. सीटच्या यंत्रणेत ती चिरडली की आग लागते.

तपासणीत बॅग वारंवार बाजूला काढली जात असेल तर कारण बहुधा तिच्या रचनेत असते. पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी आणि धातू निळे दिसतात. लॅपटॉपवर चार्जर, त्यावर वायरींचे भेंडोळे, त्यावर नाणी अशी चळत असेल तर तिथे एक काळा ठोकळा दिसतो आणि कर्मचाऱ्याला बॅग उघडावीच लागते. जाड पुस्तके आणि चॉकलेटचे मोठे डबेही असाच संशय निर्माण करतात. जड वस्तू एकमेकींवर न ठेवता पसरा, द्रवाची पिशवी आणि लॅपटॉप सर्वांत वर ठेवा, खिशातले सगळे रांगेतच जाकिटाच्या खिशात टाकून चेन लावा. फिल्म कॅमेरा असेल तर न धुतलेली फिल्म सीटी यंत्रातून जाऊ देऊ नका, तिच्यावर धूसर पट्टे उमटतात. हाताने तपासायची विनंती करा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विमान भरले की गेटवर केबिन बॅग काढून घेऊन खाली टाकतात. त्या क्षणी ती चेक-इनचे सामान होते, म्हणजे पॉवर बँक आत राहिली तर नियम मोडतो. एक छोटी थैली बॅगेत सर्वांत वर ठेवा: पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, औषधे, पासपोर्ट, किल्ल्या. टॅग लावला की थैली आणि लॅपटॉप बाहेर काढा, मगच बॅग द्या.

दुसऱ्या विमानाची कंपनी कोणती आणि दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर आहेत की वेगवेगळ्या, ते लिहिले नाहीत. वेगवेगळी असतील तर चेक-इनचे सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावे लागेल, त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागू शकतो, आणि व्हिसाचा प्रश्नही येईल. एवढे दोन तपशील द्या, मग बॅगेचे नक्की सांगता येईल.