उंदराचा रंग 'दबतो' की 'झाकोळतो'?

प्रश्न असा आहे: एका जनुकामुळे दुसऱ्या जनुकाचा परिणाम दिसेनासा होतो, तेव्हा मराठीत 'पहिले जनुक प्रभावी' असे म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. 'प्रभावी-अप्रभावी' ही शाळेपासून ओळखीची जोडी एकाच जनुकाच्या दोन रूपांपुरती आहे. इथे जनुकेच दोन आहेत. भाऊबंदकी वेगळी, शेजाऱ्याशी तंटा वेगळा.

उंदराचेच बघा. रानउंदीर मातकट दिसतो, कारण त्याच्या काळ्या केसाच्या टोकाजवळ पिवळा पट्टा असतो. हा पट्टा 'अगुटी' जनुकाची करामत. आईबापांकडून या जनुकाचे अप्रभावी रूपच आले, तर पट्टा जातो आणि उंदीर काळा होतो. टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) बनवणारे जनुक निराळे. या विकराशिवाय रंगद्रव्यच तयार होत नाही. या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की उंदीर पांढरा, मग अगुटी कोणतेही असो. आणि गंमत म्हणजे हे निकामी रूप स्वतः अप्रभावी आहे! म्हणजे तुमच्या शब्दाने वाक्य होईल, 'अप्रभावी रूप प्रभावी ठरते'. वाचणारा गार.

शुद्ध वाणाचा काळा उंदीर आणि अगुटीचे प्रभावी रूपच बाळगणारी पांढरी उंदरीण यांची सगळी पिल्ले मातकट निघतात. पट्ट्याची सोय आईकडे होती, रंगाची बापाकडे. त्या पिल्लांच्या आपसातल्या संकरात १६ पैकी सरासरी ९ मातकट, ३ काळी, ४ पांढरी.

आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०७ मध्ये एका जनुकाआड दुसरे असे लपण्यासाठी 'एपिस्टॅटिक' हा शब्द आणला. ग्रीकमध्ये 'वर उभे राहणे' असा त्याचा अर्थ. त्यावरून 'झाकोळणे' सुचते. ढगाआड सूर्य शाबूत असतो, तसे पांढऱ्या उंदरात अगुटी जनुक शाबूत असते आणि पुढच्या पिढीत उगवते. 'दबणे' मला पटत नाही. त्यात बळजबरी येते, आणि इथे कुणी कुणाला दाबत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढाच मामला आहे.

मात्र झाकोळते ते जनुकाचे काम, रंग नव्हे. रंग तर बनलेलाच नसतो. म्हणून 'पांढऱ्याने काळा रंग झाकोळला' असे लिहू नका. पारिभाषिक नाव हवे तिथे सरळ 'एपिस्टॅसिस' लिहा. ओघातल्या वाक्यात 'टायरोसिनेजच्या निकामी जनुकामुळे अगुटीचे काम झाकोळते' हे मला चालेल.